बंड्याला सोडणार नाही

चिऊ,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला, आई बंड्याला सोडून दे, झाडावरचे पक्षी बघितले की मला अपराधी वाटतं. आधी बरं वाटलं मग राग आला, हट्ट करून आणलास तू आणि आता सोडायचं पुण्य पण तूच घेणार होय.

नाही सोडणार. लोक त्याला लव्हबर्ड म्हणतात पण तो बजी आहे, म्हणजे छोट्या पोपटाची एक जात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, ते वेगळेच. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिकडे मोठमोठे थवे पाण्याच्या मागे फिरत असतात. १८४० मध्ये जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने काही जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या वाढत गेले, त्यामुळे आपल्या बंड्यासाठी दाणा म्हणजे वाटीतला. बाहेर सोडला तर पहिल्याच दिवशी कुठलातरी कावळा धरणार, नाहीतर उपाशी मरणार.

पण तुझं वाटणं खोटं नाहीये. थव्यातला पक्षी आपण एकटा ठेवला. तो आरशाशी तासन्तास बोलत बसायचा आणि आपण हसत व्हिडिओ काढायचो, आठवलं की कसंतरीच होतं. आरसा काढलाय मी.

एक सांगायचं राहिलंय, तुझी परीक्षा होती म्हणून बोलले नाही. गेल्या महिन्यात तो दोन दिवस पिसं फुलवून बसला होता, मला वाटलं थंडी असेल, मग बघितलं तर प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होतेय. पळतच डॉक्टरकडे नेला. ते म्हणाले पक्षी आजार लपवतात, अशक्त दिसला की शिकारी त्यालाच हेरतो ना, म्हणून आपल्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. वजन मात्र आधी उतरतं. तेव्हा ३१ ग्रॅम भरला होता, आज ३६. आता रोज सकाळी खाण्याआधी वजनकाट्यावर उभा करते, ऐटीत उभा राहतो मेला.

नुसत्या दाण्यांवर व्हिटॅमिन ए कमी पडतं म्हणे, म्हणून पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, आणि पालेभाजी सुरू केली, तीन आठवडे नुसतं फेकत होता. आणि नॉनस्टिक पॅन माळ्यावर टाकलाय, तो जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातो, आपल्याला वासही येत नाही. आपण इतकी वर्षं त्याच्या शेजारी तो पॅन तापवत होतो, नशीबच म्हणायचं.

जोडीदार आणायचा का ते तू आल्यावर बघू, आणला तरी पहिला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा लागेल, नवीन पक्ष्याचा आजार याला लागायला नको.

रोज संध्याकाळी खिडक्या लावून पिंजऱ्याचं दार उघडते, पहिले आठ दिवस बाहेरच येईना, दारात बसून नुसता बघायचा. आत्ता पडद्याच्या दांडीवर बसून माझ्यावरच ओरडतोय आणि मी पंखा बंद करून घामाघूम होऊन हे लिहितेय.

आई