एका प्रश्नासाठी आभार

नमस्कार सर,

तीन महिने मी व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) बदलत होतो, कपॅसिटर बदलत होतो आणि अँप्लिफायरमधून खर्ज काही येत नव्हता. गाणं चालू असायचं, पण मृदंग डब्यात वाजतोय असं वाटायचं. स्पीकरला जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीबद्दल, म्हणजे प्रायमरीबद्दल, तुम्ही सर्किट बघायच्या आधी एवढंच विचारलंत, "ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला वायरी किती?" तीन, मी म्हणालो. मधली मी टेप लावून बाजूला ठेवली होती. तिथेच तुम्हाला सगळं कळलं.

तो पुश-पुलचा, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या दोन व्हॉल्व्हच्या जोडीचा, ट्रान्सफॉर्मर होता आणि मी त्यावर ईएल८४ जातीचा एकटा व्हॉल्व्ह चालवत होतो. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचा डीसी प्रवाह मधल्या वायरीतून शिरून उलट दिशांना वाहतो, त्यामुळे गाभ्यातलं त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. म्हणून एकतर्फी चुंबकत्वाने गाभा भरू नये यासाठी लागणारी फट त्या गाभ्यात ठेवत नाहीत. माझ्या एकट्या व्हॉल्व्हचे ४८ मिलिअँपिअर मात्र सतत एकाच बाजूने जात होते. गाभा त्यांनीच भरून गेला, खर्जाला जागाच उरली नाही.

दुसरी चूक सांगायला अजून लाज वाटते. मल्टीमीटरवर प्रायमरीचा रोध काही शे ओहम दिसला, तोच मी इम्पीडन्स, म्हणजे एसी सिग्नलला होणारा अडथळा, धरला होता. तुम्ही हसला नाहीत. सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीला, १ व्होल्ट एसी द्यायला लावलंत आणि प्रायमरीच्या दोन टोकांवर मोजायला लावलंत. साडेएकतीस व्होल्ट आले. त्याचा वर्ग, गुणिले ८ ओहमचा स्पीकर, म्हणजे जवळपास ८००० ओहम. हेच ४ ओहमचा स्पीकर लावला असता तर ४००० दिसले असते. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा इम्पीडन्स नसतो, तो स्पीकरचाच मोठा करून दाखवतो, हे मला त्या गुणाकारात उमगलं. वाचलं याआधीही होतं.

आणि ८००० ही तर ईएल८४ च्या पुश-पुल जोडीला चालणारी नेहमीचीच किंमत! मी भंगारात काढायला निघालेला ट्रान्सफॉर्मर तुम्ही वाचवलात. आता त्यावर दोन व्हॉल्व्ह आहेत आणि मृदंग डब्याबाहेर आला आहे.

एकदाच तुम्ही आवाज चढवलात. चाचणीत स्पीकर खराब होऊ नये म्हणून मी तो काढून ठेवला होता. भार नसताना सिग्नल दिला तर प्रायमरीवर व्होल्टेज इतकं चढू शकतं की वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं, हे तुम्ही ज्या स्वरात सांगितलंत त्या स्वराचेही आभार.

एकट्या ईएल८४ साठी परवा फटवाला ट्रान्सफॉर्मर आणला. २५० व्होल्ट भागिले ४८ मिलिअँपिअर, म्हणजे ५२०० ओहम हवेत. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता मोजला: गुणोत्तर साडेपंचवीस, स्पीकर ८ ओहम. तुम्ही गुणाकार करालच.

स्पीकर जोडलेला आहे, सर.

तुमचा,
तीन वायरीवाला