मतदार भुलत नाही, हिशेब करतो

लोकानुनयी नेत्यांना भोळे मतदार भुलतात, हा सूर पटत नाही. 'लाडकी बहीण'चे महिना १५०० रुपये २०२४ मध्ये सुरू झाले तेव्हा आमच्या चाळीत नाकं मुरडणारे कमी नव्हते. पण ज्या बाईचा गॅस आणि मुलाची शिकवणी त्यात भागते, तिला अर्थसंकल्पी तुटीचं काय सांगणार? मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे? अशा वेळी जो शाळाप्रवेशासाठी फोन फिरवतो, रात्री-अपरात्री मयताला उभा राहतो, त्याचं भडक भाषण लोक चालवून घेतात. (मला त्या भाषणांची चीडच येते.) विरोधी उमेदवार गल्लीत दिसतो तो प्रचाराच्या जीपवर!

– एक वाचक, लालबाग, मुंबई