आठवण: रविवारची पाहणी

मंडळी, रविवारी सकाळी साडेसातला मुंबई महापालिका मुख्यालयासमोर, सर फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी जमायचं आहे. लवकर आलात तर चहा मिळेल.

‘वापरात असलेल्या जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार कसा आखावा’ या टिपणासाठी आपण उदाहरण म्हणून हीच इमारत घेतली आहे. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, १८९३ची. समोरचं बोरीबंदर स्टेशनही (आताचं सीएसएमटी) त्यांचंच. पाहणी फक्त बाहेरून, फुटपाथवरून. दुर्बीण असेल तर आणा, ड्रोन अजिबात नको. पावसाचे पाइप भिंतीला टेकतात तिथे ओल, शेवाळ, पिंपळाचं इवलं रोप दिसतं का बघा. दगडांच्या सांध्यांचे फोटो हवेतच. चुन्याच्या जागी सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि सांध्याऐवजी दगडच सोलपटत जातो. म्हणून चुन्याला टिपणात वेगळं पान दिलंय.

खरी डोकेदुखी कामाच्या क्रमाची. कचेरी तर बंद ठेवता येत नाही. आधी छप्पर, मग एकेक मजला, हे ठीक. पण त्या मजल्यावरच्या फायली आणि माणसं तेवढे महिने बसवायची कुठे? यावर प्रत्येकाने दोन ओळी लिहून आणा. मागच्या वेळचं ‘उद्या पाठवतो’ अजून उजाडायचंय.