ल्यूकोडिस्ट्रॉफी संशोधनासाठी आवाहन : जुने एमआरआय, रक्ताचे नमुने आणि निधी हवा आहे

ल्यूकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारांच्या गटात मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण नीट बनत नाही किंवा बनलेले नष्ट होते. चालायला शिकलेले मूल अडखळू लागते, आलेली भाषा जाते. त्यातल्या मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी या प्रकारावरच्या जनुकोपचाराला युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण तो दिला जातो लक्षणे दिसण्यापूर्वी किंवा अगदी सुरुवातीला. त्यामुळे आजारी मुलाचे अचूक निदान धाकट्या भावंडासाठी फार मोलाचे ठरते. दोन्ही पालक वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक असलेले) असतील तर प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते.

आम्हाला सर्वांत जास्त गरज जुन्या एमआरआयची आहे. सीडी किंवा पेन ड्राइव्हवरच्या मूळ डायकॉम फाइल (स्कॅन यंत्रातून थेट निघालेल्या डिजिटल फाइल) द्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो उपयोगी पडत नाही, त्यात बारीक फरक पुसले जातात. पहिला स्कॅन ‘काही विशेष नाही’ म्हणून बाजूला ठेवला असेल, तर तोही शोधा. लहान वयात मायलिन अजून तयार होत असते. ते उशिरा बनते आहे की बनतच नाही, हे एका स्कॅनवरून सांगता येत नाही. किमान सहा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन स्कॅन लागतात. फाइलमध्ये मुलाचे नाव दडलेले असते, ते काढून आम्ही फक्त सांकेतिक क्रमांक ठेवतो.

जनुक तपासणीसाठी मूल, आई आणि वडील या तिघांचे प्रत्येकी २ ते ३ मिली रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीत हवे. पालकांचे नमुने नसले, तर सापडलेला बदल वारशाने आला की मुलात नव्याने झाला, हे कळत नाही. एन्झाइम तपासणीचे रक्त वेगळ्या, हेपॅरिनच्या नळीत घ्यावे आणि मुळीच गोठवू नये. एन्झाइम पांढऱ्या पेशींत मोजतात आणि गोठवल्यास त्या फुटतात. मेटाक्रोमॅटिक प्रकारात कमी पडणारे एन्झाइम, अरिलसल्फटेज-ए, कमी आले म्हणजे आजार आहेच असे नाही, काही निरोगी माणसांतही ते कमी असते. म्हणून लघवीतले सल्फटाइडही (या आजारात साठणारे मेदद्रव्य) तपासतो.

निधी लागतो तो रसायनांसाठी, उणे ८० अंशांच्या फ्रीझरसाठी आणि त्याच्या पर्यायी विजेसाठी. वीज गेली तर वर्षांचे नमुने एका रात्रीत बाद होतात. कुटुंबांकडून कसलेही शुल्क घेत नाही, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. या सहभागातून मुलाला उपचार मिळेल असे आश्वासन मात्र आम्ही देऊ शकत नाही.

रक्त सोमवार ते बुधवार या दिवसांतच काढावे. शुक्रवारी काढलेले सुट्टीत कुरिअरमध्ये पडून राहते, आणि एन्झाइम खोटे कमी दिसते.