आवाहन : पावसाच्या आत घरातले जुने कागद बाहेर काढा

सप्रेम नमस्कार.

लोकलमध्ये पुकारा होतो तो नुसता 'बदलापूर' असा. वास्तविक स्टेशनाच्या आजूबाजूची जमीन कुळगावची; मूळ बदलापूर गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. दोन्ही नावं मानाने एकत्र नांदतात ती आपल्या नगरपरिषदेच्या पाटीवर. १९८३ साली कल्याण महापालिका झाली आणि आपली गावं तिच्यात गेली. १९९२ साली तिच्यातून बाहेर पडून स्वतःची नगरपरिषद झाली, 'कुळगाव-बदलापूर' या जोडनावाने. आज इथे राहायला आलेल्या किती जणांना यातलं कुळगाव कुठलं ते सांगता येईल?

सुरतेच्या मोहिमेत महाराजांचे घोडे इथे बदलले, म्हणून बदलापूर, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली. ती आपलं मंडळ काढत असलेल्या गावाच्या इतिहासाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर येईल, आख्यायिका म्हणूनच आणि तितक्याच प्रेमाने. पण त्यापुढची पानं भरायला कागद लागतात. १८५६ साली कल्याणहून पळसदरीकडे रेल्वे निघाली ती आपल्या शेतांमधून. कोणाची जमीन गेली, मोबदला काय मिळाला, त्या पावतीवर गावाचं नाव कसं लिहिलं होतं, हे तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असू शकतं.

आजवर ज्यांनी दिलं त्यांचे उपकार कसे विसरू? गावातल्या एका आजींनी सासऱ्यांची मोडी लिपीतली खतं (दस्तऐवज) जुन्या लुगड्यात बांधून स्वतः आणून दिली, वर सगळ्यांना चहाही पाजला. निवृत्त गुरुजींनी तीन उन्हाळे बसून मोडीचं लिप्यंतर केलं, एक पैसा घेतला नाही. प्रवासखर्च पुढे केला तर रागावले. बाजारातल्या शेठजींनी आजोबांचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, दिला. त्यात जांभळाच्या पाट्यांचा हिशेब आहे! आज बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा त्या पानाचं मोल आणखी वाढलं.

तोच रोजमेळ २६ जुलै २००५ च्या पुरात भिजला. आम्ही पानापानात वर्तमानपत्र घालून आठ दिवस पंख्याखाली वाळवला. जमेची बाजू वाचली, नावेची शाई पसरून निळा डाग झाला. २०१९ च्या जुलैमध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा सगळ्या देशाने उल्हासचं पाणी पाहिलं. त्या रात्री आमचा जीव कपाटातल्या दप्तरांत अडकला होता.

मन मोकळं करायचं तर, मागच्या आवाहनाला 'स्तुत्य उपक्रम' अशी उत्तरं भरपूर आली, माणसं मात्र मोजकीच आली. पुढे एका जुन्या वाड्याचं पाडकाम झालं आणि तिथली दोन पोती कागद रद्दीत गेल्याचं नंतर कळलं. एक फोन केला असता तर आम्ही रात्रीतून टेम्पो घेऊन आलो असतो. फार लागलं ते.

तरी पुन्हा हात जोडतो. खतं, सातबारे, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, नदीच्या घाटावरचे फोटो, काहीही चालेल. मूळ कागद तुमचाच राहील. समोर स्कॅन करून त्याच दिवशी परत. दर रविवारी सकाळी १० ते १, मंडळाचं कार्यालय. ज्येष्ठांकडे आम्ही घरी येऊ. स्कॅनर, लोखंडी कपाट आणि छपाई यांसाठी देणगी रु. ५०० पासून पुढे, शक्यतो मंडळाच्या नावे धनादेश, पावती लगेच. मोडी वाचणारे आणि दोन तास देऊ शकणारे तरुण हवेत. मुदत मे अखेर.

आपला,
सचिव

ता. क. ओलसर किंवा चिकटलेली पानं घरी सोडवू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. आहेत तशी सुती कापडात गुंडाळून आणा.