तक्त्यात आईची ओळ अजून रिकामी आहे

निशिकासाई, टोकियो
१२ जुलै

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

दोघांचे पासपोर्ट आल्याचे फोटो मिळाले. दिवसभर ऑफिसात कुणाला ना कुणाला दाखवत होते. फोनवर सगळं सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून सावकाश लिहिते आहे. बाबा, हे पत्र कागदांच्या फाइलीत लावून ठेवा.

व्हिसाचा अर्ज आत्ता करायचा नाही. एका प्रवेशाचा जपानी व्हिसा मिळाल्या दिवसापासून तीनच महिने चालतो. आपल्याला दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या मध्याला निघायचंय, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीला अर्ज दिला की पुरे. शेजारचे काका म्हणतात तसं 'आधी करून मोकळं व्हा' असं यात करू नका. तोवर दाखले गोळा करायचे.

तुम्ही माझ्याकडे येताय, त्यामुळे माझ्या बाजूने बोलावण्याचं कारण सांगणारं पत्र आणि हमीपत्र लागतं. तुमचा इथला राहण्याचा खर्च, परतीचा खर्च आणि तुम्ही इथले कायदे पाळाल याची हमी मी त्यात देते. ती सही करताना मला फार आनंद झाला. सोबत माझा रहिवासाचा दाखला आणि उत्पन्नावरच्या कराचा दाखला जोडायचा. दोन्ही इथल्या वॉर्ड ऑफिसातून मिळतात, ते मी बघते.

तुमच्या बाजूचं एकच काम नाजूक आहे. मी तुमचीच मुलगी, हे कागदाने दाखवावं लागतं. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नुसतं नाव आणि आडनाव आहे. आईच्या नव्या पासपोर्टवर मधे बाबांचं नाव आलंय. आपल्याकडे घरोघरी असंच असतं, पण मुंबईच्या वाणिज्य दूतावासात कागद बघणाऱ्याने ते का गृहीत धरावं? म्हणून नगरपालिकेतून माझा जन्मदाखला नव्याने काढा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींतला, आणि स्पेलिंग तिथेच खिडकीपाशी उभं राहून तपासा. तुमच्या लग्नाचा दाखलाही जोडू. आई, तू पासपोर्टवर मराठीत सही केली आहेस, अर्जावरही तशीच कर. आणि बाबा, बँकेत कुणाकडून उसने पैसे आणून भरू नका. पेन्शनचं पासबुक जसं आहे तसं द्या. खर्चाची हमी माझी आहे, आणि अर्जात खऱ्याखेरीज काहीही जायला नको.

आता त्या तक्त्याबद्दल. अर्जासोबत मुक्कामाचा तक्ता द्यायचा असतो: तारीख, त्या दिवशी काय करणार, रात्री कुठे राहणार. बरेच लोक तो कसाबसा भरून टाकतात. मला तो तुम्हाला विचारून भरायचाय. आयुष्यातली पहिली परदेशी सहल आहे तुमची. तिच्या ओळी मी एकटीने का लिहायच्या?

बाबांची ओळ ठरली आहे. उभा जन्म एस.टी.ची वेळापत्रकं सांभाळलेल्या माणसाला शिंकान्सेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, दाखवायचीच. १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो ते शिन-ओसाका ही पहिली गाडी सुटली, तेव्हा चार तास लागायचे. आता सगळ्यात वेगवान गाडी अडीच तासांच्या आत पोचते. क्योतोला जाताना डी आणि ई या दोन जागा तुम्हा दोघांच्या, मी पलीकडे सी वर. त्या बाजूच्या खिडकीतून आभाळ मोकळं असेल तर फुजी दिसतो. सगळे सांगतात तो रेल्वेचा पास घेणार नाही. सात दिवसांचे पन्नास हजार येन तरी होतात आणि आपण तेवढी धावपळ करणारच नाही. बाबांच्या गुडघ्यांना एका दिवशी एकच ठिकाण. मोठ्या बॅगा इथली कुरिअरवाली माणसं घरून उचलून हॉटेलात पोचवतात, त्यामुळे जिन्यांवर ओझं नाही.

क्योतोहून कोयासानला जाऊ. ओसाकाहून नानकाई रेल्वेने डोंगराच्या पायथ्याशी, तिथून केबल कार. कोबो दाइशी या बौद्ध भिक्षूंनी नवव्या शतकात वसवलेला हा मठांचा गाव. मठातच राहायची सोय असते. तिथल्या जेवणात मांस, मासे, अंडी तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. आई, तुझा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत चालतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. एरवी इथे भाजीच्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो. मठात ते समुद्रशेवाळ आणि अळंबीवर करतात. तिळाचं टोफू तुला नक्की आवडेल. जमिनीवर बसावं लागतं, पण बाबांसाठी खुर्ची मागून ठेवते. थंडी बरीच असते, लोकरीचे मोजे घ्या.

टोकियोत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर इथवर आलेला. मूर्ती झाकलेली असते, ती कुणाला दिसत नाही, आणि त्याला पांढरा मुळा वाहतात. पहिल्या दिवशी तिथेच जायचं असं मी ठरवलंय.

औषधांचं नीट ऐका. रोजच्या गोळ्या एका महिन्यापुरत्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सर्दीच्या गोळ्या आणूच नका. काहींत स्यूडोएफेड्रिन असतं आणि त्याचं प्रमाण जास्त असेल तर इथे बंदी आहे. आई, कढीपत्ता, ताजी फळं, भाजी यांतलं काही नको, कस्टमच्या आधीच काढून घेतील. गोडा मसाला दुकानातला, सीलबंद पाकिटातला आण. भाजणी इथे मिळते.

विमानतळावर दोन्ही तर्जनींचे ठसे आणि फोटो घेतात, घाबरण्यासारखं काही नाही. माझा पत्ता आणि फोन जपानीत लिहिलेला कागद बाबांच्या खिशात असेल. अधिकाऱ्याने विचारलं तर 'मुलीकडे आलोय' एवढंच इंग्रजीत सांगायचं. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज निघायच्या आधी फोनवरून आपण मिळून भरू.

आई, 'तुम्ही न्याल तिथे येईन' हे उत्तर मी लिहून घेणार नाही. बाबांची गाडी, माझा गणपती आणि मठ आले, तुझं काय? लाल झालेली मेपलची झाडं, समुद्र, बाजार, कुणाच्या घरचं स्वयंपाकघर, काहीही चालेल. दिवसभर माझ्या खोलीत बसून गप्पा मारायच्या असतील तर तेही तारीख घालून लिहीन. रविवारी फोन करते तेव्हा सांग.

आजीला नमस्कार.

तुमची,
माई