पैसे दिले नाहीस ना?

श्टुटगार्ट
12 ऑक्टोबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पैसे दिले नाहीस ना अजून? देऊ नकोस. काल आईचा सावंतवाडीहून फोन आला. म्हापशातला कुणी दुकानदार तुझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग) बदलून देतोय म्हणे, आणि बाबांनी 18 हजार पाठवायचेत.

अरे, बदलायला आधी कार्ड तर हवं! तुझ्या लॅपटॉपात वेगळं कार्ड नाहीच. ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्या पोटातच आहे आणि प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला. गेल्या हिवाळ्यात मी माझा जुना लॅपटॉप उघडला होता. रॅम, एसएसडी, पंखा सगळं सुटं निघालं. पंख्याजवळची तांब्याची नळी उचलली, तर वाळलेल्या पेस्टखाली प्रोसेसरचा चकचकीत चौकोन बोर्डाला घट्ट बसलेला. ना खाच, ना क्लिप. महागड्या गेमिंग लॅपटॉपातही बहुतेक हेच. पूर्वी काही जाडजूड लॅपटॉपांत एमएक्सएम नावाचं सुटं कार्ड यायचं. आता फ्रेमवर्क 16 लॅपटॉपसारखा एखादाच अपवाद.

तुझी खरी तक्रार मात्र मला पटली. स्टिकरवर 'आयरिस एक्सई' हे इंटेलच्या जास्त वेगवान ग्राफिक्सचं नाव, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र साधं 'यूएचडी'! म्हणून दुकानदार म्हणाला, कार्ड जळलं. जळलं असतं तर पडदाच धड दिसला नसता. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. तुझ्याकडे रॅमची 8 जीबीची एकच पट्टी असणार. एका पट्टीवर माहितीच्या ये-जा करण्याचा रस्ता अर्धाच मिळतो, आणि तेव्हा इंटेलचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम) त्याच चिपला यूएचडी म्हणतो. जोडीला दुसरी पट्टी बसली की नाव आपोआप आयरिस एक्सई होतं, आणि वेगही वाढतो. तुझा आय5 प्रोसेसर 12व्या पिढीचा आहे, त्याला हे लागू आहे. आय3 असता तर नसतं.

टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' समोर '1 ऑफ 2' दिसलं की समज, एक जागा रिकामी आहे. पट्टी कोणत्या प्रकारची, डीडीआर4 की डीडीआर5, ते आधी बघ; एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

पेटीत डेस्कटॉपचं कार्ड घालून बाहेरून केबलने जोडता येतं, पण त्याला सहसा थंडरबोल्ट नावाचा खास वेगवान पोर्ट लागतो. तुझ्या टाइप-सी जवळ विजेची खूण नाही, मी फोटोत पाहिलं. शिवाय पेटी, कार्ड मिळून जेवढे पडतील तेवढ्यात नवा लॅपटॉप येईल. ब्लेंडरचे (थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रामचे) मोठे रेंडर कॉलेजच्या लॅबमध्येच लाव.

शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत जाऊ नकोस, आधीच जा आणि लॅपटॉप घरी आण. न उघडलेला असला तर बरं. पट्टी बसवलीस की डिव्हाइस मॅनेजरचा फोटो पाठव. मावशीला म्हणावं, सोलं संपली, कुणी इकडे येणारं असेल तर अर्धा किलो बांधून ठेव.

तुझी,
ताई